एड्रियाटिकच्या काठी आलिशान मुक्काम: खोली बघण्याआधी पाण्यात उतरायची वाट बघा

‘बीच रिसॉर्ट’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे आधी पुळण येते. माडांखाली खोल्या, समोर लांबलचक वाळू, संध्याकाळी पाय ओले करत फिरणं. हेच चित्र मनात धरून क्रोएशियातल्या पंचतारांकित हॉटेलचे पैसे भरले, तर पहिल्याच सकाळी घरच्यांचे चेहरे पडतात. तिथे बहुतेक ठिकाणी वाळू नसतेच. चुनखडीचा कातळ थेट पाण्यात उतरतो. हॉटेलने त्यावर सपाट चौथरे बांधलेले असतात आणि चौथऱ्याच्या कडेला लोखंडी शिडी असते. शिडी संपली की पाणी डोक्यावरून. ते इतकं नितळ असतं की तळ हाताशी आल्यासारखा वाटतो आणि न पोहणारा माणूस तिथेच फसतो.

म्हणून क्रम उलटा ठेवा. आधी समुद्र कसा आहे ते बघा, मग तारीख ठरवा आणि हॉटेल सर्वांत शेवटी. तारांकित दर्जावरून खोली, न्याहारी आणि आदरातिथ्य कळतं. पाण्यात कसं उतरायचं ते कळत नाही.

कुठला किनारा?

एड्रियाटिकच्या पश्चिमेला इटली आणि पूर्वेला मुख्यतः क्रोएशिया, मॉन्टेनेग्रो आणि अल्बानिया. समुद्र एकच असला तरी दोन्ही काठांचं रूप अगदी वेगळं आहे. दक्षिणेकडून येणारा प्रवाह पूर्वकाठाने वर चढतो आणि पश्चिमकाठाने खाली उतरतो. पो आणि उत्तर इटलीतल्या इतर नद्यांचा गाळ त्यामुळे इटलीच्या बाजूनेच वाहत जातो. रिमिनी, येसोलो, व्हेनिसचं लिडो इथे सपाट वाळू, उथळ पाणी आणि छत्र्यांच्या शिस्तबद्ध रांगा दिसतात त्या या गाळामुळे. पूर्वेला मात्र कातळ, खोल पाणी आणि नुसत्या क्रोएशियाच्या हद्दीत लहानमोठी मिळून बाराशेहून जास्त बेटं.

बरोबर लहान मुलं असतील किंवा घरातलं कुणीच पोहत नसेल, तर माझं मत स्पष्ट आहे: इटलीला जा. रिमिनीचं ग्रँड हॉटेल १९०८ पासून उभं आहे, समोर वाळू आहे आणि मूल पन्नास पावलं आत गेलं तरी पाणी कमरेपर्यंतच असतं. इटलीच्या टाचेकडे, पुलियात, पांढऱ्या दगडांतली आलिशान रिसॉर्टं आहेत. जून २०२४ मध्ये जी-७ ची शिखर परिषद भरली आणि आपले पंतप्रधान गेले होते, ते बोर्गो एग्नात्सिया तिथलंच. पण ते पाण्याच्या काठावर नाही, जरा आत आहे. पुलियात हे पुष्कळदा असं असतं. नकाशा बघूनच घ्या.

पोहता येत असेल किंवा नुसतं समुद्राकडे बघत बसायचं असेल, तर पूर्वकाठाला तोड नाही. त्यातही तीन पट्टे आहेत. उत्तरेला इस्त्रिया आणि क्वार्नेर: रोविन्य, ओपातिया, लोशिन्य बेट. मध्ये स्प्लिट आणि समोरची ह्वार, ब्राच ही बेटं. दक्षिणेला डुब्रोव्हनिक. आईवडिलांना घेऊन जाणाऱ्यांना मी डोळे मिटून ओपातिया सुचवतो. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या काळातलं हे हवापालटाचं गाव. १८८४ साली उघडलेलं हॉटेल क्वार्नेर अजून चालू आहे आणि वोलोस्को ते लोव्हरान अशी सुमारे बारा किलोमीटरची पायवाट समुद्राला चिकटून जाते. वाटेत बाक आहेत, सावली आहे, कॉफीची दुकानं आहेत. गुडघे कुरकुरणाऱ्यांना डुब्रोव्हनिक मात्र जड जातं. तिथली उत्तमोत्तम हॉटेलं कड्याला बिलगून बांधलेली आहेत. रस्ता वर, समुद्र खाली आणि मधे पायऱ्याच पायऱ्या. हॉटेलमध्ये लिफ्ट असते, पण ती चौथऱ्यापर्यंत जाते की मधल्या मजल्यावरच थांबते, हे आधी विचारावं लागतं.

वाळूचे अपवाद पूर्वेलाही आहेत: राब बेटावरचं लोपार, झादरजवळचं निन, कोरचुला बेटावरचं लुंबार्दा, मॉन्टेनेग्रोत उल्सिनची लांबच लांब पुळण. पण बडी हॉटेलं बहुधा या ठिकाणी नाहीत. आलिशान खोली आणि वाळू अशी जोडी पूर्वेला फार क्वचित जमते.

केव्हा जायचं, आणि आपल्या सुट्ट्यांची पंचाईत

सगळ्यांत चांगला काळ जूनचा पहिला पंधरवडा आणि संपूर्ण सप्टेंबर. आपल्या मुलांना सुट्टी असते मे महिन्यात आणि दिवाळीत, गंमत तिथेच आहे. मेच्या मध्यावर पाण्याचं तापमान साधारण १८ अंश असतं. जर्मन पाहुणे खुशाल डुंबतात, आपण घोट्यापर्यंत पाय घालतो आणि हळूच मागे येतो. जूनअखेर ते २२-२३ अंशांवर जातं, ऑगस्टमध्ये २५-२६ आणि सप्टेंबरातही २३ च्या आसपास टिकतं. म्हणजे मे महिन्यातच जाणं भाग असेल, तर गरम पाण्याचा तलाव असलेलंच हॉटेल घ्या. ‘इनडोअर पूल’ एवढं वाचून थांबू नका. बाहेरचा तलाव गरम करतात का आणि कुठल्या तारखेपासून करतात, हे ईमेलवर लिहून मागा.

दिवाळीच्या सुमारास समुद्र बरा असतो, माणसं नसतात. बेटांवरची हॉटेलं मात्र दारं लावायच्या बेतात असतात आणि बोटींच्या फेऱ्या निम्म्यावर येतात. नोव्हेंबर ते मार्च बरीच रिसॉर्टं बंदच असतात. जुलै-ऑगस्टमध्ये गर्दी आणि भाव दोन्ही शिखरावर. डुब्रोव्हनिकला समुद्रासमोरची पंचतारांकित खोली ऑगस्टमध्ये रात्रीला चारशे युरोंच्या खाली सहसा मिळत नाही, आणि किमान चार-पाच रात्री राहण्याची अटही घालतात. तीच खोली ऑक्टोबरात निम्म्या भावात सापडू शकते.

हॉटेल निवडताना चार प्रश्न

पाण्यात उतरायची सोय काय, हा पहिला प्रश्न: गोटे, चौथरा की शिडी? हॉटेलच्या जाहिरातीतले फोटो उंचावरून काढलेले असतात, त्यात काही कळत नाही. पाहुण्यांनी टाकलेले फोटो बघा. गोट्यांचा उतार असेल तर न पोहणाऱ्यालाही कंबरभर पाण्यात बसता येतं. कोकण किनाऱ्यावर भरती-ओहोटीत पाणी कित्येक मीटर चढतं-उतरतं. दाल्मेशियात, म्हणजे स्प्लिट-डुब्रोव्हनिकच्या पट्ट्यात, हा फरक जेमतेम वीतभर-हातभराचा. म्हणून तिथे चौथरे पाण्याच्या इतक्या लगत बांधता येतात आणि सकाळी दिसलेला किनारा संध्याकाळीही तसाच असतो.

दुसरा प्रश्न ‘खासगी किनाऱ्या’चा. क्रोएशियाच्या कायद्यात समुद्रकाठची पट्टी ही सार्वजनिक संपत्ती आहे, ती कुणाच्या मालकीची होऊ शकत नाही. हॉटेलला मिळतो तो ठरावीक भाग वापरायचा परवाना. त्यामुळे दोन हजार युरो भरूनही शेजारी गावातलं कुटुंब टॉवेल अंथरून कलिंगड खात बसलेलं दिसेल. त्यात गैर काही नाही, मला तर ते आवडतं. मात्र आरामखुर्च्या आणि छत्र्या खोलीच्या भाड्यात धरल्या आहेत की रोज वेगळे पैसे, हे आधीच स्पष्ट करून घ्या. काही पंचतारांकित ठिकाणीसुद्धा पुढच्या रांगेचे पैसे वेगळे लागतात.

तिसरा प्रश्न खोलीच्या दिशेचा, आणि इथे बारीक अक्षरं नीट वाचावी लागतात. ‘समुद्राच्या बाजूची खोली’ आणि ‘समुद्र दिसणारी खोली’ यांत फरक आहे. इस्त्रियात आणि लोशिन्यवर हॉटेलं पाइनच्या बनात दडलेली असतात. समुद्राच्या बाजूला खोली मिळते आणि खिडकीत झाडाचा शेंडा येतो. ‘पार्क साइड’ म्हणजे मागची बाजू. ती स्वस्त पडते, उन्हाळ्यात थंड राहते आणि दिवसभर पाण्यावरच असाल तर तीच घेण्यात शहाणपण आहे. समुद्रासमोरची खोली घ्यायचीच तर गच्चीसाठी घ्या. डुब्रोव्हनिकच्या प्लोचे भागातल्या हॉटेलांच्या गच्चीतून जुनं शहर, तटबंदी आणि लोक्रुम बेट एकदम दिसतं, आणि तिथे भाव असतो तो या देखाव्याचाच.

चौथा प्रश्न जेवणाचा. ‘हाफ बोर्ड’ म्हणजे न्याहारी आणि रात्रीचं जेवण, पण जेवणासोबतचं पाणीसुद्धा बहुधा बिलात वेगळं लागतं. आडबाजूच्या बेटावर राहात असाल तर हाफ बोर्ड घ्या. रोविन्य, स्प्लिट, डुब्रोव्हनिकला फक्त न्याहारी पुरे. गावात चांगलं खायला मिळत असताना रोज संध्याकाळी बुफेच्या रांगेत उभं राहण्यात काय मजा?

व्हिसा आणि पैसे

क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, आहे आणि त्याच दिवसापासून तिथे युरो चालतो. जुन्या ब्लॉगवरची कुना चलनाची माहिती आता रद्दीत गेली. व्हिसा शेंगेनचा. जिथे जास्त रात्री राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी तो द्यावाच लागतो. प्रत्यक्षात दोन-तीन महिने हातात ठेवा, उन्हाळ्याच्या तोंडावर अपॉइंटमेंट मिळता मिळत नाही. जून २०२४ पासून प्रौढांना ९० युरो आणि सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ४५ युरो शुल्क आहे, शिवाय व्हिसा अर्ज केंद्राचे सेवा-पैसे. किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. व्हिसा हातात येईपर्यंत हॉटेलचं बुकिंग रद्द करण्याजोगंच ठेवा. परतावा न मिळणारा दर पंधरा-वीस टक्क्यांनी स्वस्त दिसला तरी मोह आवरा.

अर्जात एकापेक्षा जास्त वेळा प्रवेशाचा व्हिसा मागा आणि कारणही लिहा. डुब्रोव्हनिकहून मॉन्टेनेग्रोतलं कोटोर एका दिवसात करता येतं, पण मॉन्टेनेग्रो शेंगेनमध्ये नाही. वैध शेंगेन व्हिसावर तिकडे भारतीयांना प्रवेश मिळतो. अडचण परत येताना होते. एकदाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर तो बाहेर पडताक्षणी संपला आणि सामान डुब्रोव्हनिकच्या हॉटेलमध्ये.

कार्ड सगळीकडे चालतं. यंत्राने ‘रुपयांत पैसे देणार का?’ असं विचारलं की ‘नाही, युरोंत’ म्हणा. रुपयांचा दर नेहमी महाग पडतो. रोख काढायची तर बँकेच्या भिंतीतल्या एटीएममधून काढा, पर्यटकांच्या रस्त्यावर जागोजागी उभी केलेली यंत्रं भरपूर शुल्क कापतात. सहल भारतातल्या कंपनीकडून पॅकेज म्हणून घेतली तर त्यावर टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने आगाऊ गोळा करायचा कर, कापला जातो. तो प्राप्तिकर विवरणपत्रात वळता करून घ्यायचा असतो. पावती जपून ठेवा.

पोचायचं कसं

मुंबईहून इस्तंबूल, फ्रँकफर्ट, म्युनिक यांपैकी कुठेतरी विमान बदलून स्प्लिट किंवा डुब्रोव्हनिक गाठता येतं. डुब्रोव्हनिकचा विमानतळ शहरापासून वीसेक किलोमीटरवर चिलिपीला आहे. इस्त्रियासाठी पुला बरं, आणि व्हेनिसला उतरून मोटारीने रोविन्यला जाणंही सोपं पडतं.

बेटावर राहणार असाल तर एक गोष्ट नीट समजून घ्या. स्प्लिटहून ह्वार गावात जाणारी कॅटामरान बोट फक्त माणसांना नेते, साधारण तासाभरात. मोटारी नेणारी फेरी दोन तास घेते आणि बेटाच्या दुसऱ्या बाजूला, स्टारी ग्राडजवळ सोडते. भाड्याची मोटार घेऊन ‘ह्वारला उतरू’ असं ठरवणाऱ्यांची इथे फसगत होते. वारा बिघडला की कॅटामरान रद्द होतात, म्हणून परतीच्या विमानाआधीची शेवटची रात्र मुख्य भूमीवरच काढावी.

स्प्लिट ते डुब्रोव्हनिक मोटारीने साडेतीन तास धरा. पूर्वी वाटेत नेउमपाशी बोस्नियाची हद्द ओलांडावी लागायची, दोनदा पासपोर्ट दाखवायचा. २६ जुलै २०२२ रोजी पेल्येशात्सचा पूल सुरू झाला आणि ती कटकट गेली. मात्र मोबाइलवरचा नकाशा अजूनही कधीकधी नेउमचा रस्ता सुचवतो. पुलावरूनच जायचं, असं स्वतः ठरवून निघा. गाडी चालवणार असाल तर आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्या.

पोचल्यावर

खोली दुपारी तीनपर्यंत मिळत नाही. पोहण्याचे कपडे, रबरी बूट, टोपी आणि औषधं हातातल्या पिशवीत वेगळी ठेवली, तर सामान स्वागतकक्षात टाकून थेट पाण्यावर जाता येतं. कपडे बदलायला जागा बहुतेक हॉटेलांत असते.

ते रबरी बूट विसरू नका. खडकांवर काळे, काटेरी समुद्री अर्चिन बसलेले असतात. पाणी स्वच्छ असल्याची ती खूण मानतात, पण काटा तळपायात मोडला की चार दिवस लंगडत काढावे लागतात. घरून न्यायचे राहिले तर कुठल्याही किनारी दुकानात मिळतात.

वारा ओळखायला शिका. तिथले लोक दिवसाचा बेत वाऱ्यावरूनच ठरवतात. उन्हाळ्यात दुपारी समुद्रावरून येतो तो माएस्त्राल, सुखावणारा. ईशान्येकडून डोंगर उतरून येते ती बुरा: कोरडी, थंड, झोतांनी येणारी. आकाश निरभ्र असतं म्हणून तिला हलक्यात घेऊ नका, ती छत्र्या उखडते आणि पोहणाऱ्याला काठापासून दूर ढकलते. आग्नेयेचा युगो दमट, ढगाळ आणि लाटा घेऊन येणारा. डुब्रोव्हनिकच्या जुन्या प्रजासत्ताकात युगो वाहत असताना महत्त्वाचे निर्णय घेत नसत, माणसांची डोकी ठिकाणावर नसतात म्हणून, असं तिथले लोक हौसेने सांगतात. ते खरं असो वा नसो, युगोच्या दिवशी शिडीवरून उतरू नये. लाट आली की माणूस कातळावर आपटतो. तो दिवस स्पाला किंवा शहराला द्या.

स्पाबद्दल आगाऊ सांगून ठेवतो. बऱ्याच ठिकाणी सॉना स्त्री-पुरुषांचा एकत्र असतो आणि काही ठिकाणी कपड्यांविना बसायचा रिवाज आहे. संकोच वाटत असेल तर आधी विचारा. पुष्कळ हॉटेलांत पैसे भरून खासगी वेळ घेता येते. तसंच किनाऱ्यावर ‘एफकेके’ अशी पाटी दिसली तर पुढे विवस्त्र स्नानाची जागा आहे असं समजा आणि आजीआजोबांसह दुसरी पायवाट धरा. उलट, पोहण्याच्या कपड्यांत जुन्या शहरातून फिरायला मनाई आहे. ह्वार, स्प्लिट, डुब्रोव्हनिकला त्यासाठी दंड आहे. साधा कुर्ता किंवा शर्ट सोबत असू द्या.

खाणं

मासे खाणाऱ्या मराठी माणसाला इथे एकच गोष्ट सोडावी लागते, ती म्हणजे मसाला. मासा निखाऱ्यावर भाजतात. ऑलिव्ह तेल, लसूण, पार्स्ली, लिंबू, बस्स. सोबत ब्लित्वा, म्हणजे चार्डची पालेभाजी बटाटा घालून. पहिल्या घासाला अळणी वाटेल, तिसऱ्या दिवशी माशाची स्वतःची चव कळायला लागते. मासा तीन वेळा पोहतो, आधी समुद्रात, मग तेलात आणि शेवटी वाइनमध्ये, अशी दाल्मेशियातली म्हण आहे. वाइन पीत असाल तर दक्षिणेत लाल प्लावात्स आणि इस्त्रियात पांढरी माल्वाझिया मागवा.

साध्या खानावळीला तिथे कोनोबा म्हणतात. हॉटेलच्या उपाहारगृहापेक्षा तिथलं जेवण मला कधीही जास्त रुचतं. पण तिथे मेनूवर माशाचा भाव किलोवर असतो, ताटावर नाही. वेटर ताजे मासे तबकात आणून दाखवतो. तेव्हाच वजन करायला सांगा आणि रक्कम विचारा. आपण कोळणीशी घासाघीस करणारे लोक, तिथे मात्र लाजून गप्प बसतो आणि बिल आल्यावर एकमेकांकडे बघतो. मासा समुद्रातून पकडलेला की पिंजऱ्यात वाढवलेला, हेही विचारा, दोहोंच्या भावात मोठी तफावत असते. पेका हा प्रकार खायचा तर सकाळीच सांगून ठेवावा लागतो. लोखंडी झाकणाखाली, वर निखारे रचून, कोकरू किंवा ऑक्टोपस बटाट्यांसह तासन्‌तास शिजवतात.

शाकाहाऱ्यांचे हाल होत नाहीत, पण सावध राहावं लागतं. न्याहारीला पाग बेटाचं मेंढीच्या दुधाचं चीज, अंजीर, टोमॅटो, पाव, अंडी भरपूर. इस्त्रियात ट्रफल (जमिनीखाली वाढणारी सुवासिक अळंबी) घातलेला फुझी पास्ता मागवा. काळा रिसोटो, म्हणजे मऊसर भात, मात्र शाकाहारी नव्हे, तो माकुलच्या शाईने काळा झालेला असतो. भाज्यांच्या सूपातही मांसाचं पाणी असू शकतं. ‘बेझ मेसा इ रिबे’, म्हणजे मांस आणि मासा नको, एवढं पाठ करा. जैन जेवण हवं असेल तर हॉटेलला आठवडाभर आधी लिहा आणि कांदा, लसूण, बटाटा अशी नावं घेऊन लिहा. ‘जैन’ एवढं म्हटल्याने तिथे कुणाला काही कळत नाही. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे, बाटल्यांवर पैसे घालवू नका.

एक-दोन फेरफटके

रिसॉर्टमध्येच लोळायला गेला असलात तरी डुब्रोव्हनिकची तटबंदी चुकवू नका. १९४० मीटरची ही फेरी सकाळी दार उघडताच सुरू करा. दहानंतर क्रूझ जहाजांची माणसं येतात आणि वर सावली अजिबात नाही. शहराचा रक्षक संत व्लाहो, म्हणजेच सेंट ब्लेझ. त्याच्या नावाचं चर्च गोव्यातही आहे, जुन्या गोव्याजवळ गवंडाळीला. सोळाव्या शतकात डुब्रोव्हनिकच्या व्यापाऱ्यांनी ते उभारलं असं मानतात. गोवेकर वाचकांनी दोन्ही बघावीत.

दुपारी लोक्रुमला बोटीने पंधरा मिनिटांत जाता येतं. तिथे मोर फिरतात आणि रात्री राहायला परवानगी नाही. कालवं आवडत असतील तर तासाभरावरच्या स्टोनला जा. तिथले मिठागर आणि कालवांची शेती दोन्ही शतकानुशतकं चालू आहेत.

निघताना

आदल्या रात्रीच बिल मागवा. पर्यटन कर माणशी रोज दोन-अडीच युरोंच्या घरात येतो. बारा वर्षांखालच्या मुलांना तो माफ आणि बारा ते अठरा वयाला निम्मा, एवढं तपासा. मिनीबार, किनाऱ्यावरच्या छत्र्या, पार्किंग यांच्या ओळी एकेक करून बघा. डुब्रोव्हनिकला पार्किंगच रात्रीला चांगलं भारी पडतं. बक्षिसी सक्तीची नाही. कोनोबात दहा टक्के आणि खोली आवरणाऱ्या बाईंसाठी थोडे युरो उशीपाशी ठेवले की पुरे. हॉटेलात आलात तेव्हा कार्डावर अनामत अडवली असेल तर ती सोडल्याची नोंद स्वागतकक्षातून लिहून घ्या, कारण आपल्या बँकेत ती मोकळी व्हायला आठ-दहा दिवस लागू शकतात. विमान संध्याकाळचं असेल तर खोली सोडल्यावरही तलाव आणि स्पाची न्हाणीघरं वापरू देतात, फक्त सामान देताना तसं सांगून ठेवा.